दोघं निघालात? कोण आजारी आहे?

सासूबाईंचा हा प्रश्न ऐकून आधी मला हसू आलं आणि मग तो कुठंतरी बोचला. नोव्हेंबरातली सकाळ होती. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून झाला होता. मी इस्त्रीची साडी नेसले होते, यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि आम्ही दोघं एकत्र ओट्यावरून खाली उतरत होतो. सासूबाई तांदूळ पाखडत बसल्या होत्या. सूप हातातच थांबलं. "दोघं निघालात? कोण आजारी आहे?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही नवराबायको सकाळीच आवरून एकत्र बाहेर पडलो ते तीनच कारणांनी. दवाखाना, लग्न आणि दहावा. लग्नानंतर जेजुरीला जाऊन आलो, ते चौथं धरा हवं तर. पण तेव्हाही सोबत नऊ माणसं होती. पाचवं एखादं कारण असू शकतं, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मैत्रिणींनो, आम्ही त्या दिवशी जुन्नर बघायला निघालो होतो. तुम्ही म्हणाल, मढच्या बाईने जुन्नर बघण्यासारखं काय आहे? तासाभराचा रस्ता. महिन्यातून दोनदा तरी मी जुन्नरला जाते. तहसील कचेरीत बचत गटातल्या कुणाचं तरी काम असतं, बँक असते, बाजार असतो. पण कामाला जाणं वेगळं आणि बघायला जाणं वेगळं, हे मला एका फिरत्या घराने शिकवलं.

झालं असं, की आदल्या दिवशी संध्याकाळी कल्याणकडून माळशेज घाट चढून एक जीप आली. जीपच्या मागं एक पांढरं, खिडक्या असलेलं, दोन चाकांचं घर जोडलेलं. आत साठीच्या पुढचे एक काका आणि काकू. त्यांना पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याकाठी मुक्काम करायचा होता. रस्ता विचारायला ते आमच्या दारात थांबले आणि आमचे हे म्हणाले, "काका, तिकडं एकटं राहू नका. बिबट्या फिरतो. आमच्या अंगणात लावा गाडी." आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या ही गोष्टीतली चीज नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, आणि उसाच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर लेकराला एकटं अंगणात सोडायची कुणाची छाती होत नाही.

तर ते घर आमच्या अंगणात राहिलं. वाडीतली सगळी पोरं आणि त्यांच्या मागोमाग बायका बघायला आल्या. काकूंनी हौसेने सगळं दाखवलं. दोघांपुरता पलंग, घडी घालता येणारं टेबल, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढ्या जागेत चक्क संडास. पोरांना पलंगाचं नवल. आम्हा बायकांना मात्र त्या कपाटाचं! आमच्या गटातली एक जण दार उघडून बघत म्हणाली, "म्हणजे बाईला कुठंही थांबायला नको!" तिच्या त्या एका वाक्यात आम्हा बायकांचा सगळा प्रवास आला.

खरं नवल सकाळी घडलं. काका उठले, त्यांनी शेगडी पेटवली, चहा केला आणि काकूंना बाहेर खुर्चीवर आणून दिला. आमच्या सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "हिचा हात मोडलाय का गं?"

काकूंना ऐकू गेलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आजी, आमचं ठरलंय. ज्या घराला पाया आहे तिथला स्वयंपाक माझा, ज्या घराला चाकं आहेत तिथला यांचा. नाहीतर मी कशाला बाहेर पडले असते? ओटा बदलला, एवढंच झालं असतं."

आमचे हे तेव्हा गोठ्याकडे बघत होते. पण त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

मग काकूंनी मला विचारलं, "जुन्नरमध्ये काय काय बघायचं हो?" मी बी.ए. झालेली बाई, तेही इतिहास घेऊन. पण मला पटकन सांगता येईना. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर एवढं म्हटलं आणि थांबले. शिवनेरी मी शाळेच्या सहलीत बघितला होता. आठवत होती ती फक्त रांग आणि बाईंचं ओरडणं. लेण्याद्रीला नवस फेडायला गेले होते; आठवत होत्या त्या पायऱ्या आणि कडेवरचा मुलगा. काका म्हणाले, "घर इथंच राहू द्या. जीपमध्ये चार जणांची जागा आहे. तुम्ही दोघंही चला." मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "जाऊ या." का म्हणाले, कुणास ठाऊक. कदाचित त्या चहाची लाज वाटली असेल. एक धार थोरल्या जावेने काढायची ठरली आणि आम्ही निघालो.

बनकर फाट्याहून गणेश खिंडीने जुन्नरला उतरलो. हा रस्ता मी शेकडो वेळा केलेला. पण त्या दिवशी हातात पिशवी नव्हती, कागदपत्रांची फाईल नव्हती. मी पहिल्यांदा खिडकीबाहेर नीट बघितलं.

शिवनेरीवर गंमत झाली. दरवाजा कुठला, टाकं कुठलं, साखळीची वाट कुठली, हे यांना सगळं तोंडपाठ! सातही दरवाजांची नावं यांनी काकांना सांगितली. मी बघतच राहिले. मग लक्षात आलं. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं हे शिवजयंतीला ज्योत आणायला शिवनेरीवर जायचे. गावोगावचे तरुण जातात तसे. रात्री निघायचं, गडावर ज्योत पेटवायची आणि पळत गावात आणायची. आम्ही बायका काय करायचो? वेशीवर ताट घेऊन उभ्या राहायचो. ज्योत आली की ओवाळायचो. ज्या गडावरून ती यायची, तो गड बघायला कुणी आम्हाला नेलं नाही आणि आम्हीही कधी 'न्या' म्हटलं नाही.

जन्मस्थानाच्या इमारतीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आपल्याला लहानपणापासून पाठ असते. पण तिथं उभं राहिल्यावर मला बाळापेक्षा आईच जास्त दिसली. दिवस भरत आलेली जिजाबाई. नवरा मोहिमेवर. मुलूख अस्थिर. ती या कड्यावरच्या गडावर राहिली आणि गडाच्या शिवाई देवीवरून मुलाचं नाव शिवाजी ठेवलं, असं आपण सांगतो. आमच्या भागात पहिलटकरणीला आजही तालुक्याला न्यायचं तर जीप मिळेल का, याची चिंता असते. मी गटाच्या कामात अशा रात्री काढल्या आहेत. त्यामुळे असेल, पण पाळणा बघताना माझे डोळे भरून आले. हे शेजारी उभे होते. म्हणाले, "इतक्यांदा आलो, पण हे असं कधी मनात नाही आलं." चोवीस वर्षांत असं वाक्य मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरी ते कधी निघणार? घरी आम्ही बोलतो ते युरिया, फी आणि लाइटबिल.

आता त्या दिवसाची दुसरी बाजूही सांगते, कारण ती प्रत्येक बाईला ठाऊक आहे. गडावर जायचं म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. आईने लहानपणीच शिकवलेलं, "बाहेर निघताना पाणी पिऊ नको." काकूंनी मात्र सवयीने दोन पेले पाणी आणि चहा घेतला होता. त्यांचं ते कपाट आमच्या अंगणात राहिलं होतं. दुपारपर्यंत त्यांची अवस्था बघवेना. एका ठिकाणी स्वच्छतागृह होतं, त्याला कुलूप. किल्ली कुणाकडे, कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या ठिकाणी दार होतं, कडी नव्हती आणि पाणीही नव्हतं. शेवटी मी बाजारपेठेत ओळखीच्या एका ताईंच्या घरी त्यांना घेऊन गेले. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चार महिने झाले मी या घरातून हिंडतेय. लोक विचारतात, तुम्हाला चाकांचं घर कशाला हवं? हॉटेलं नाहीत का? त्यांना सांगते, हॉटेलं आहेत हो, पण वाटेवर संडास कुठं आहेत?"

बघा, महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा फिरत्या घरांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली वाहनतळं व्हावीत, असं त्यात आहे. चांगलंच आहे. २०१८ मध्ये आमचा जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात आमचा शिवनेरी आहे. ऊर भरून आला. पण मला विचाराल तर वारसा जपणं हे कडीपासून सुरू होतं. दाराला कडी हवी, नळाला पाणी हवं आणि किल्ली दाराजवळच्या माणसाकडे हवी. बाई अर्धा दिवस तहानेली राहून गड बघत असेल तर ती गड बघत नाही, ती घरी कधी पोचते ते बघत असते. पाणी न पिण्याने आणि दाबून धरण्याने बायकांना लघवीचे आजार होतात, हे आरोग्य शिबिरात डॉक्टर दर वेळी सांगतात. आम्ही मान हलवतो आणि पुन्हा तहानेल्याच निघतो.

जेवायला आम्ही मासवडी आणि रस्सा घेतला. काकूंना वाटलं मासे आहेत. बेसनाची वडी आहे म्हटल्यावर त्या खूश झाल्या. मी मात्र गप्प जेवत होते. आयतं ताट समोर आलं होतं. गरम होतं. मी उठले नाही, वाढलं नाही, कुणाला काय हवं ते विचारलं नाही. तुम्ही कधी तव्यावरची पहिली भाकरी खाल्ली आहे का? मी त्या दिवशी खाल्ली.

जेवताना काकांनी अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं नाव काढलं. कॉलेजात वाचलेलं मला एकदम आठवलं. पंधराव्या शतकात तो चौलच्या बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्याचे दिवस त्याने इथंच काढले. इथला पाऊस आणि चिखल बघून तो थक्क झाला होता. इथल्या खानाने त्याचा घोडाच अडकवून ठेवला होता. मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. हिंदुस्थानात व्यापारी धर्मशाळेत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांच्यासाठी रांधतात, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे बघा, साडेपाचशे वर्षांपूर्वीही हिंडायचं ते पुरुषांनी आणि रांधायचं ते बायकांनी! काका म्हणाले, "म्हणून तर मी चहा करतो." यावर आमचे हे पहिल्यांदा मोकळे हसले.

दुपारी उन्हं कलल्यावर लेण्याद्री चढलो. गिरिजात्मज हे नाव आपण आरतीसारखं म्हणून टाकतो. अर्थ काय? गिरिजेचा मुलगा. इथला गणपती आईच्या नावाने ओळखला जातो. आणि तो बसलाय कुठे, तर बौद्ध भिक्खूंच्या लेण्यात. भोवतीच्या भिंतींत त्यांच्या राहण्याच्या खोल्या आहेत. जुन्नरच्या डोंगरांत अशी शेकड्यांनी लेणी आहेत. तुळजा लेणी, मानमोडीची लेणी, शिवनेरीच्या पोटातली लेणी. व्यापारी, कारागीर, इतकंच काय यवन म्हणवणारे परदेशी लोकही इथं दान देऊन गेले आणि आपली नावं दगडात कोरून गेले. इथल्या एका लेखात नगरातल्या भिक्षुणींच्या निवाऱ्याचाही उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी घर सोडून आलेल्या बायकांना या गावात हक्काची जागा होती. आणि मी? पायऱ्या मोजत आले होते, नारळ फोडून परतले होते.

खरा चटका परतीच्या वाटेवर बसला. रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या. काकूंना फोटो घ्यायचा होता, म्हणून थांबलो. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या त्या कोपीत एक बाई तीन दगडांवर भाकरी थापत होती. बीडकडची. मी बचत गटाची बाई, मला बोलायला वेळ लागत नाही. म्हणाली, सहावा हंगाम आहे या भागात. काकूंनी विचारलं, "शिवनेरी बघितला का?" तिने भाकरी उलटली आणि हाताने दाखवलं. "त्यो काय. रोज दिसतो की." "वर गेलात का पण?" ती हसली. "खाडा पडला तर पैसे कापत्यात, बाई."

मैत्रिणींनो, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल मिळते ती जोडीला. सहा महिने ही जोडी एकत्र निघते, एकत्र राबते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घालून एकत्र परत जाते. चाकांवरचा संसार तोही आणि चाकांवरचा संसार काकूंचाही. एकीने तो हौसेने घेतला आणि दुसरीला पोटाने घ्यायला लावला. एकीला आम्ही म्हटलं, बिबट्या फिरतो, अंगणात या. दुसरी रोज रात्री उसाच्या कडेला, पाचटाच्या भिंतीआड लेकराला कुशीत घेऊन झोपते. तिला कुणी सांगितलं का, की इकडे या? मी स्वतःला हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. काकूंनी फोटो घेतला नाही. मोबाइल पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते फिरतं घर नाणेघाटाकडे गेलं. अंगणात दोन चाकांच्या खुणा राहिल्या. आठ दिवसांनी यांनी स्वतःहून विचारलं, "आपण पण नाणेघाट बघायचा का?" मोटारसायकलवर, दोघंच. आपटाळे, चावंड, घाटघर करत गेलो. वाऱ्याने पदर धरवत नव्हता.

नाणेघाटाच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला. केलेले यज्ञ आणि दिलेली दानं त्यात सांगितली आहेत. गाई, हत्ती, घोडे, नाणी, सगळं आकड्यांनिशी. नवऱ्याच्या मागे मुलं लहान असताना तिने राज्य सांभाळलं, असं अभ्यासक मानतात. बी.ए.ला हा प्रश्न पाच मार्काला यायचा. मी पाच मार्क मिळवले होते आणि विसरून गेले होते. त्याच गुहेत सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती तुटून गेल्या आहेत, पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात. पण वर कोरलेली नावं आहेत. एका ठिकाणी नवरा-बायकोची नावं एकत्र आहेत, आणि त्यात आधी देवी नागनिकेचं नाव आहे, मग राजा सातकर्णीचं.

मी हे यांना सांगितलं. हे त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या घराच्या पाटीवर तुझं नावच नाही." मी म्हटलं, "सातबाऱ्यावर पण नाही." दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. समोर कोकण दिसत होतं. भांडण नव्हतं ते. पण हे बोलणं आमच्या घरात, सासूबाईंसमोर, मुलांसमोर, धारा काढताना कधी झालं असतं का? मला नाही वाटत.

म्हणून मला वाटतं, नवरा-बायकोने वर्षातून एक दिवस तरी दवाखाना, लग्न आणि दहावा सोडून चौथ्या कारणासाठी घराबाहेर पडावं. देवदर्शनही नको. देवाला जाताना आपण काहीतरी मागायला जातो, फेडायला जातो. डोक्यात ओझं असतंच. नुसतं बघायला जावं.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्याही होत्या. पैसे? त्या नाणेघाटाला आमचं पेट्रोल आणि दोन चहा, एवढंच गेलं. भाकरी-चटणी घरून नेली होती. एसटीने जायचं तर मार्च २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट आहे. म्हणजे जोडीने गेलात तर महाग नवराच पडतो! जनावरं? एक धार जाऊबाईने काढली तर पुढच्या खेपेला तिची आपण काढावी. जावाजावांनी हा व्यवहार सुरू केला तर दोन्ही जोड्या बाहेर पडतील. लोक काय म्हणतील? लोक म्हणतील, "या वयात?" म्हणू दे. आपल्या मुलांनी लग्नानंतर फिरायला गेलेलं आपल्याला चालतं, मग आपण गेलो तर कुणाचं काय बिघडतं?

निवृत्तीनंतर बघू, असं पुष्कळ जणी म्हणतात. शेतकऱ्याला निवृत्ती कुठे असते? आणि तोवर गुडघे राहतील का? शिवनेरीच्या पायऱ्या गुडघे मागतात. काकूंसारखं चाकांचं घर आपल्याला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. चहा करणारा हात आणि एक मोकळा दिवस, एवढं पुरे. चहा येत नसेल तर शिकवावा. आमच्याकडे शिकवणं सुरू आहे. साखर अजून जास्त पडते.

आणि एक दिवस फक्त आपल्यापुरता नको. आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. येत्या ग्रामसभेत बायकांनी एकत्र जाऊन मागणी करायची, की जिथं पाहुणे येतात तिथं बायकांचं स्वच्छतागृह असावं, ते उघडं असावं आणि त्याची किल्ली गटाकडे द्यावी. आम्ही सांभाळू. दुसरी गोष्ट, हंगाम संपून पट्टा पडला की गावी परतण्याआधी कोपीवरच्या बायकांना एक दिवस शिवनेरीवर न्यायचं. जोडीने. कोयता त्या दिवशी खाली ठेवून. खाड्याचे पैसे कापले जाणार नाहीत, असा तो दिवस आहे. गाडीचा खर्च आम्ही वर्गणीतून करू. त्यांच्या कोप्यांना दिवे आणि जवळपास पक्का निवारा मिळावा म्हणून कुणाकडे जायचं, तेही बघतो आहोत. हे त्याहून मोठं काम आहे, आणि एका सहलीने ते झालं असं मी मानणार नाही.

सासूबाईंचं राहिलंच. नाणेघाटाहून परत आलो तेव्हा त्या ओट्यावर वाट बघत होत्या. या वेळी त्यांनी कोण आजारी आहे असं विचारलं नाही. मी चहा ठेवायला निघाले, तर म्हणाल्या, "बस जरा. काय बघितलं ते सांग." मी सांगितलं. नागनिकेचं सांगितलं, शिवनेरीच्या पाळण्याचं पुन्हा सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी तिकडच्या रस्त्यावर खडी फोडली. अंगावर पिती पोर होती. रोज शिवनेरी समोर दिसायचा. वर काही जाणं झालं नाही."

त्या बीडच्या बाईचा हात मला आठवला. त्यो काय, रोज दिसतो की.

सासूबाईंचे गुडघे आता सगळे दरवाजे चढायचे नाहीत. पहिल्या दरवाजापर्यंत जातील. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना घेऊन निघतोय. जाऊबाईंना सांगून ठेवलंय. आणि हो, निघताना त्यांना पोटभर पाणी पाजणार आहे. त्या बाजारपेठेतल्या ताईंना फोन करून ठेवलाय.